हळदीच्या गाण्याची गीतकार

आमच्या थोरल्या जाऊबाई, क्रांतीआक्का, उचगावातल्या आमच्या गल्लीत कुठल्याही हळदीला लागतात. नवरीला हळद लावताना त्या गाणं म्हणतात, आणि ते त्यांनी स्वतः जुळवलेलं असतं. त्यात नवरीचं नाव, तिच्या मामाचं गाव, सगळं येतं. हळद उरकली की बायका जेवायला पळतात. गाणं कुणाचं, हे आजवर एकीनंही विचारलेलं नाही, आणि त्याचा आक्कांपेक्षा मलाच जास्त राग येतो.

राजारामपुरीतली एक रेकॉर्डिंग कंपनी लग्नाची नवी गाणी घेते असं कळलं. मीच आक्कांचं एक कडवं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं. अख्खं गाणं त्यांनी पाठवू दिलं नाही. "सगळं गेलं की चोरत्यात गं," म्हणाल्या. मग कंपनीचं बोलावणं आलं. माझ्या स्कूटीवर मागं बसून सारखं एकच चाललेलं, "ऐकून ठेवतील आन् दुसऱ्याच्या नावानं काढतील तर?" मी "न्हाय वो" म्हणत होते.

कंपनीचा मालक राजवर्धन तिशीतला. त्यानं डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं.

"चाल झकास हाय मावशी. पर ही तेजस्वी कोण?"

"आमच्या गल्लीतली. तिच्या हळदीला केलतं."

"मग नाव काढा. कुणाच्याबी मांडवात वाजलं पायजे."

आक्का अडखळल्या. नावाशिवाय गाणं त्यांनी कधी जुळवलंच नव्हतं. नावाची जागा आली की थांबायच्या आणि पदराचं टोक पिळत बसायच्या. शेवटी तेजस्वीच्या जागी 'लेकी' आलं, मामाच्या गावाऐवजी 'माहेर' आलं, आणि गाणं पुरं झालं. मला हायसं वाटलं.

"आता बसलं," राजवर्धन म्हणाला. "गीतकार म्हणून 'पारंपरिक' लिहितो."

आक्कांचा चेहरा उतरला. "माझं हाय ते," त्या पुटपुटल्या.

"मावशी, असली गाणी घरोघरी असत्यात. उद्या दुसरी कोण आमचं हाय म्हणत आली तर मी काय दाखवू?"

मी तडकले. "जिच्या हळदीला केलं तिलाच विचारा की." तिथल्या तिथं तेजस्वीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तुझ्या हळदीचं गाणं कुणाचं, एवढंच विचारलं.

"ते व्हय काकी? जुनंच हाय की. आक्कांनी माझं नाव तेवढं घातलंतं."

फोन लावायची अवदसा मला कुठून आठवली, असं झालं. आता आक्का उठून चालू लागणार, असं मला वाटलं.

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तेजस्वी, ते जुनं न्हाय गं. सगळं मी केलंय."

मग ती म्हणाली, "पर ताईच्या हळदीचं येगळंच हुतं. तेबी तुमचं?"

"व्हय. आन् गल्लीतल्या समद्या पोरींचं."

"मग बोलला न्हाईसा कधी?"

"कुणी इचारलंच न्हाय."

राजवर्धननं पेन उचललं. "मावशी, पूर्ण नाव सांगा."

नाव सांगता सांगता आक्कांना रडू फुटलं. त्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर आक्कांनी हात करून मला गप्प केलं.