‘उलटा ठोका’ ऐकून लोक काय म्हणाले

आमचा अल्बम करायला काही वर्षं गेली. त्यावर मत द्यायला मात्र लोकांना गाणं पूर्ण ऐकायचीही गरज पडत नाही. कोणी पानठेल्यावर गाडी थांबवून मत देतं, कोणी पंगतीत वरण वाढता वाढता देतं. एका गृहस्थाने तर मयतीला, सरण रचणं चालू असताना, मला बाजूला घेतलं. मला वाटलं लाकडं कमी पडली असतील. ते हळू आवाजात म्हणाले, तुमचं तिसरं गाणं जमलं नाही.

असे किस्से इतके साचले आहेत, की आम्ही तिघे भेटलो की वाद्यं पिशवीतच राहतात आणि ‘तुले आज कोण भेटलं?’ इथूनच सुरुवात होते. महेशला या सगळ्याचं हसू येतं. मला अजून रागच येतो. म्हणून मीच सांगतो.

आधी आम्ही कोण ते सांगतो. माझी दिग्रसला साउंड सर्व्हिस आहे. लग्न, सभा, गणपती, सगळीकडे माझे बॉक्स लागतात. बँडमध्ये मी बेस गिटार वाजवतो. महेश बोरी अरबचा. तिथे खत-बियाण्यांच्या दुकानात असतो आणि गिटार वाजवतो. वर्षा आर्णीला नर्स आहे. ती गाते. रेगेत, म्हणजे जमैकाच्या संगीतात, भजनाची चाल, दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यातली ढोलकी आणि वर्षाच्या बंजारा तांड्यावरची होळीची गाणी, ज्यांना लेंगी म्हणतात, असं सगळं घालून आम्ही आमचा पहिला अल्बम केला. नाव ठेवलं ‘उलटा ठोका’. कारण रेगेत गिटार ठोक्यावर वाजत नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाजते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं समजतं. लोकांनी नेमकी तेवढीच ठेवली नाही.

*

पहिलं मत महेशच्या घरातूनच आलं. त्याचे गुलाबमामा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. महेश शाळेत असल्यापासून त्याच मंडळात पेटीवर बसत आला. मामांनी पहिलं गाणं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “हा गिटारवाला झोपला होता काय? दर टायमाले लेट येते.”

गिटारवाला समोरच बसला होता. त्याने मामांना टाळी वाजवून समजावलं. मामांनी समजलं म्हणून मान हलवली, आत गेले आणि झांजा घेऊन आले. मग गाणं परत लावायला सांगून अख्खं गाणंभर ते ठोक्यावर झांज मारत राहिले. इतक्या जोरात, की वर्षाचा आवाजही ऐकू येईना. गाणं संपल्यावर म्हणाले, “आता पाह्य, कसं सरळ झालं.”

इथपर्यंत मीसुद्धा हसलो असतो. पण पुढच्या एकादशीला महेश नेहमीप्रमाणे मंदिरात गेला तर पेटीवर दुसराच माणूस बसलेला. मंडळात चर्चा झाली होती की महेशचा ताल गेला. ज्याने त्या मंडळाच्या अर्ध्या लोकांना सूर लावायला शिकवलं, त्याला त्यांनी मागे, चपलांजवळ बसवलं. मामा उठून जवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “राग नको धरू बापा. तब्येत सुधरली की ये.”

*

आर्णीजवळ एक लग्न होतं आणि साउंड माझाच होता. नवरदेवाचा मोठा भाऊ उत्साही माणूस. त्याला कुठून तरी कळलं की साउंडवाल्याचा स्वतःचा अल्बम आहे. म्हणाला, मग वरातीत तुमचंच वाजवा, दुसरं काहीच नको. खरं सांगतो, मला भरून आलं. स्वतःच्या बॉक्सवर, भर रस्त्यात, स्वतःचं गाणं. बेस असा निघाला की मांडवाची झालर हलत होती.

वरात मात्र जागच्या जागी उभी राहिली. रेगेला घाई नसते. ते डुलत डुलत चालतं. पोरं हात वर करून तयार होती, पण हात खाली आणायचा कधी तेच त्यांना कळेना. घोडासुद्धा माझ्याकडे पाहत होता. भाऊ धावत आला आणि म्हणाला की हे ऐकून तर झोप येऊन राह्यली. मी काही बोलायच्या आत त्याने माझा लॅपटॉप ओढला, कुठलं तरी बटण दाबलं आणि गाणं दीडपट वेगाने चालू झालं. वर्षाचा आवाज चिमणीसारखा झाला. माझा बेस, ज्याच्या एकेका सुरासाठी मी महिने घालवले, तो शिलाई मशीनसारखा वाजायला लागला.

वरात नाचली. धूळ उडाली. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. निघताना भाऊ मला घट्ट भेटला. “झकास बनवलं भाऊ तुम्ही,” तो म्हणाला. “फक्त स्लो कायले रेकॉर्ड केलं ते सांगा.”

*

मग पुण्याहून फोन आला. संगीतावर लिहिणाऱ्या एका वेबसाइटचे समीक्षक होते. आम्ही तिघे महेशच्या दुकानाच्या मागे पोत्यांवर बसलो, फोन स्पीकरवर ठेवला. माणूस आवाजाने सभ्य होता. त्याने वर्षाच्या गळ्याचं कौतुक केलं. मग म्हणाला की त्याला एक अडचण वाटते. हे रेगे अस्सल वाटत नाही आणि लोकसंगीतही शुद्ध राहत नाही. रेगेच्या मागे एका बेटाचा इतिहास आहे, गुलामीचं दुःख आहे, ते तुमच्यापर्यंत कसं पोचलं, असं त्याला विचारायचं होतं.

वर्षाने त्याला शांतपणे सांगितलं की तिच्या पणजोबांच्या काळात अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवलेलं होतं आणि तांड्याबाहेर जायचं तर हजेरी द्यावी लागे, तेव्हा दुःखाची सोय आमच्याकडेही आहे. मग त्याने विचारलं, “पण तुमच्यापैकी कोणी जमैकाला गेलंय का?”

महेशने फोन जवळ ओढला. “नाही साहेब. तुम्ही दिग्रसले आलते काय कधी?”

परीक्षण वेबसाइटवर आलं. वाईट नव्हतं. त्यात ‘मातीचा गंध’ असा शब्दही होता. शेवटी आमची ओळख दिली होती, ‘मराठवाड्यातील यवतमाळचे तीन तरुण’. मी दुरुस्ती कळवली. विदर्भ, साहेब. उत्तर आलं की मजकुराच्या आशयाला त्याने बाधा येत नाही.

*

आमच्या शेजारचे एक काका कापसाच्या व्यापारात आहेत. त्यांचं मत एकाच वाक्याचं. “गाणं चांगलं आहे, पण त्यातला तो मधातला आवाज काढून टाक, आमच्या रॅकवरचे डबे हलतात.”

मधला तो घुमणारा आवाज म्हणजे मी.

*

महोत्सवाचा किस्सा आठवला की अजून कानशिलं तापतात. यवतमाळला एका मंडळाने लोककलेचा कार्यक्रम ठेवला आणि आम्हाला बोलावलं. आम्ही वेळेत पोचलो. विंगेमागे संयोजक दोन पिशव्या घेऊन उभे. एका पिशवीतून त्यांनी रेगेवाल्यांसारख्या लांब जटांचा विग काढला. तो महेशसाठी होता. महेशच्या डोक्यावर वीस-बावीस वर्षांचा असल्यापासून केस नाहीत. संयोजक म्हणाले की लोकांना फ्यूजन नुसतं ऐकू येऊन चालत नाही, दिसलं पाहिजे.

दुसरी पिशवी वर्षासाठी. आरशांचा घागरा होता. तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, हा आमचा नाही, हा गरब्याचा आहे. संयोजक हसले. लांबून कोणाले कळते, म्हणाले. वर्षाची आई अजूनही सणाला आपला पेहराव घालते. त्यातला एकेक टाका तिने स्वतःच्या हाताने घातला आहे आणि त्या टाक्यांनी तिची बोटं वाकडी झाली आहेत. वर्षाने घागऱ्याची नीट घडी केली, पिशवीत ठेवली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. आम्ही आहे त्या कपड्यांत वाजवणार, नाहीतर परत जाणार, असं मी सांगून टाकलं.

संयोजक रागावले, पण पुढचा कलाकार आला नव्हता. म्हणून आम्हाला सोडलं. निवेदकाला मात्र कोणीच काही सांगितलं नव्हतं. त्याने खणखणीत आवाजात जाहीर केलं, “आता सादर होत आहे आफ्रिकन नृत्य.”

आम्ही दोन गाणी मनापासून वाजवली. दुसऱ्या गाण्याला तर वर्षा अशी गायली की माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपलं. टाळ्यांच्या आधी मागून एका बाईचा अगदी काळजीचा आवाज आला, “नाचणारे अजून पोचले नाहीत का जी?”

*

हा पुढचा किस्सा सांगताना मात्र महेशही हसत नाही.

वर्षाला पाहायला पुसदकडून पाहुणे आले होते. मुलगा चांगला, नोकरीवाला. दोघं फोनवर बोलले होते आणि वर्षाला तो आवडलाही होता, हे तिनेच आम्हाला सांगितलं होतं. चहा झाला, पोहे झाले. मुलाची आई म्हणाली, मुलगी गाते असं ऐकलं. कोणीतरी मोबाइलवर अल्बम लावला. मुलाच्या काकांनी थोडं ऐकलं, उठून खिडकीपाशी गेले, तोंडातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा तोबरा, बाहेर थुंकला आणि परत येऊन बसत म्हणाले की हे जटावाल्यांचं, नशेच्या लोकांचं संगीत आहे. भजन, भावगीत चालेल. हे लग्नानंतर बंद करावं लागेल.

मुलगा खाली मान घालून बसला. त्याने एक शब्द बोलावा म्हणून वर्षा वाट पाहत होती. मग तीच बोलली. ती रोज वॉर्डात खर्ऱ्याने तोंड उघडेनासं झालेली माणसं पाहते. “काका,” ती म्हणाली, “तुमच्या खिशातली पुडी इथे टेबलावर ठेवा. तुमची बंद झाली की माझं गाणं बंद करते.”

पाहुणे गेले आणि जमत आलेलं लग्न तिथेच मोडलं. नातेवाइकांनी तिलाच बोल लावला. दोन शब्द गिळले असते तर काय बिघडलं असतं, असं ज्याने त्याने येऊन ऐकवलं. त्या आठवड्यात ती प्रॅक्टिसला आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिने माइक लावायला सांगितला आणि सगळी गाणी एकामागून एक गायली, मधे पाणीसुद्धा प्यायली नाही. तिचे वडील तिला न्यायला आले होते. ते दाराशी उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. गाणं संपल्यावर त्यांनी तिची बॅग उचलली आणि गाडीला किक मारली. या अख्ख्या प्रकरणात मत न देणारा तो एकच माणूस मला भेटला.

*

आता झमकूबाईंचा.

झमकूबाई म्हणजे वर्षाची मोठी आई, तिच्या आईची थोरली बहीण. तांड्यावर पहिली हापशी, म्हणजे हातपंप, बसली त्या होळीला त्यांनी त्या हापशीवर एक लेंगी रचली होती. अल्बममधलं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं तेच. आम्ही गाणं पाठवताना रचना म्हणून त्यांचं पूर्ण नाव दिलं होतं. पण ज्या कंपनीने अल्बम ऑनलाइन टाकला, त्यांनी ते काढून तिथे ‘पारंपरिक’ लिहिलं.

झमकूबाईंना वाचता येत नाही. त्यांच्या नातीने वाचून दाखवलं. त्यांनी वर्षाला बोलावून घेतलं, सोबत आम्हीही गेलो. अंगणात खाटेवर बसून त्यांनी सरळ विचारलं, “हे पारंपरिक कोण बाई आहे? कोणत्या तांड्याची? माझं गाणं तिच्या नावावर काहून?”

वर्षाने समजावलं की ज्याचा कर्ता माहीत नसतो, जुनं असतं, त्याला तसं लिहितात. झमकूबाई जास्तच चिडल्या. “मी तर जिती आहे,” त्या म्हणाल्या.

आम्ही तिथूनच कंपनीला स्पीकरवर फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगा होता. लोकगीत म्हटलं की आमच्याकडे पारंपरिकच लिहितात, असं त्याने सांगितलं. मी आवाज चढवला. महेशने माझा हात दाबला. वर्षाने सांगितलं की ज्यांनी रचलं त्या स्वतः इथे बसल्या आहेत. मुलगा नम्रपणे म्हणाला, “ठीक आहे, पण गाणं त्यांनीच केलं याला काही पुरावा आहे का?”

माझ्या तोंडात जे आलं ते त्या अंगणात बोलण्यासारखं नव्हतं. झमकूबाईंनी हात पुढे करून फोन मागितला.

“नाव काय बाबा तुझं?”

“सौरभ.”

“गाव?”

“ठाणे.”

“लग्न झालं?”

तो गोंधळला. नाही म्हणाला.

झमकूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा खाकरला आणि त्याच चालीत, त्यांच्या गोरबोलीत गायला सुरुवात केली. ठाण्याचा सौरभ तांड्यावर आला, त्याला तहान लागली, तो हापशीपाशी गेला, पोरींनी त्याला पाणी दिलं नाही, आधी सगळ्यांचे हंडे भरून घेतले, आणि हापसता हापसता बिचाऱ्याचं लग्नाचं वय निघून गेलं. शेजारच्या ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या बायांनी सुपं खाली ठेवली आणि दुसऱ्या ओळीपासून मागून सूर धरला.

कडवं संपल्यावर त्यांनी फोन तोंडाजवळ आणला.

“झालं,” त्या म्हणाल्या. “आता हे बी पारंपरिक लिह्य.”