सदतिसावं पान

या सदरात येणारे अमानवीय, भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसत वाचलेत. कधी कधी तर डब्याच्या वेळेला लॅबमधल्या पोरींना मोठ्याने वाचून दाखवलेत. मी बावीस वर्षं परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट विचित्र आला तर आम्ही देवऋषी बोलवत नाही, सँपल पुन्हा लावतो. दुसऱ्यांदाही तोच आला तर मशीन तपासतो. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याची मला थोडी लाजच वाटतेय. पण मला जे जे तपासता येण्यासारखं होतं ते सगळं तपासून झालंय, आणि माझी मती गुंग झालीय… म्हणून लिहिते.

आधी दादाबद्दल सांगते. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, मला सुजू म्हणणारा. मी लालबागला राहते, तो परळला राहायचा. चालत दहा मिनिटं. एका आर्किटेक्टकडे तो ड्राफ्ट्समन होता. कॉम्प्युटर आले, सगळ्यांचे ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले, तरी याच्या खिशात कडक शिशाची पेन्सिल कायम. आम्हा दोघांना एकच वेड होतं — विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. परग्रह, कालप्रवास, ड्रॅगन, जादूची राज्यं, मराठी असो की इंग्रजी, काहीही चालायचं. आई म्हणायची, ही दोघं कामातून गेली.

त्यातही नवीन लेखक शोधून काढणं हे दादाचं खातं. कुणाचंच नाव न ऐकलेला, पहिलंच पुस्तक असलेला लेखक त्याला सगळ्यात जास्त आवडायचा. मलपृष्ठावरचं कौतुक तो वाचायचाच नाही. बक्षीस मिळाल्याचं छापलेलं असेल तर उलट संशय घ्यायचा. थेट सदतिसावं पान उघडायचा आणि उभ्या उभ्या तेवढंच वाचायचा. त्याचं म्हणणं असं, की पहिली वीस-पंचवीस पानं लेखक शायनिंग मारतो, सदतिसाव्या पानापर्यंत त्याचा दम निघालेला असतो. तिथेही त्याची दुनिया खरी वाटली तर माणूस अस्सल. यात तो क्वचितच चुकला, हे मला मान्य करावंच लागेल.

परळच्या एका जुन्या वाचनालयात आमचं दोघांत मिळून एकच कार्ड होतं. पहिल्या मजल्यावर, खाली व्यायामशाळा. वाचनालयाची पुस्तकं ज्यांनी वाचलीत त्यांना खुणांचा प्रकार माहीत असेल. हे पुस्तक आपण वाचलंय हे पुढच्या वेळी कळावं म्हणून जुने मेंबर एका ठरलेल्या पानावर बारीकशी खूण करून ठेवतात. कुणी पानाच्या आकड्याभोवती गोल करतं, कुणी कोपऱ्यात आपलं अक्षर लिहितं. नियमात बसत नाही, पण सगळे करतात. आमच्या ग्रंथपाल खानोलकर बाईंचं अर्धं आयुष्य त्या खुणा खोडरबराने पुसण्यात गेलंय.

दादाची खूण होती त्रिकोण, सदतीस आकड्याच्या बरोबर वर. नुसता त्रिकोण म्हणजे वाचलंय. आत टिंब असेल तर मी वाचायलाच हवं. त्रिकोणाचा डावा कोपरा तो कधीच पूर्ण जोडायचा नाही. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या माणसाने असं का करावं, देव जाणे. कडक पेन्सिल दाबून ओढायची सवय, त्यामुळे खूण दिसायला फिकट, पण बोट फिरवलं तर खालच्या पानावरही तिचा वळ लागायचा. तीस वर्षं मी टिंब बघून पुस्तकं वाचली.

शेवटच्या वर्षात दादा विसरायला लागला. नावं विसरायचा, गॅसवरचं दूध विसरायचा. मग तीच तीच पुस्तकं आणायला लागला. स्वतःची खूण बघायचीही त्याला आठवण राहायची नाही. एका शनिवारी त्याने एकच पुस्तक तिसऱ्यांदा आणलं. त्या दिवशी लॅबमध्ये माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी सदतिसावं पान काढून त्याच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "ही खूण तुझीच ना? मग बघत का नाहीस? आजपासून माझ्यासाठी पुस्तकं आणू नकोस तू."

त्याने पुस्तक पिशवीत ठेवलं, चहा संपवला आणि गेला. त्यानंतर आमच्या गप्पा व्हायच्या, पण पुस्तकाचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. वाटायचं, एखाद दिवशी सॉरी म्हणून टाकू, भाऊच आहे, कुठे पळून जातोय. पाच महिन्यांनी सकाळी आंघोळीला जाता जाता तो कोसळला. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर माझं वाचन बंदच झालं. प्रयत्न नाही केला असं नाही. मोबाइलवर 'वाचायलाच हवेत असे दहा नवे लेखक' अशा याद्या असतात, त्या बघितल्या. व्हिडिओ बघितले. पुस्तकं मागवली. पंधरा पानांवर ती हातातून गळायची. सदतिसाव्या पानापर्यंत मी पोचतच नव्हते. ज्या माणसाने मला तीस वर्षं पुस्तकं पुरवली, त्याला मी आणू नकोस म्हटलं, हे डोक्यातून जाईना. त्याने ते मनाला लावून घेतलं असेल का… मला एवढंच हवं होतं कळायला, आणि सांगणारा तर गेलेला.

दोन वर्षांनी, म्हणजे या वर्षी, खानोलकर बाईंचा फोन आला, कार्ड चालू ठेवायचंय की बंद करायचंय. बंद करायलाच गेले होते. जाता जाता नेहमीच्या कपाटाशी थांबले आणि एक पुस्तक काढलं. लेखक कधी न ऐकलेला. सदतिसावं पान उघडलं तर त्रिकोण, आत टिंब. तीस वर्षांत असं टिंब माझ्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. शेजारची आणखी काढली. चार पुस्तकांत टिंब, आणि चारही मी न वाचलेली.

मी तशीच उठून वहिनीकडे गेले. वहिनी कणकवलीकडची, घरात अजून मालवणीच बोलते. दादाशी मी काय बोलले होते ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तो जायचो गो थंय, दर शनिवारी. माका म्हणालो, सुजूक सांगू नको, ती चिडता. मी थंयच बघून ठेवतंय."

म्हणजे घरी काही न आणता तो तिथेच बसून माझ्यासाठी पुस्तकं बघून ठेवत होता. मी वहिनीच्या ओट्याला टेकून रडले. लाज वाटेल इतकी रडले. पण मन हलकंही झालं, कारण आता सगळ्याचा उलगडा झाला होता. ती चारही पुस्तकं मी दीड महिन्यात वाचून काढली. इथपर्यंत यात अमानवीय काही नाही, हे मलाही कळतं.

पुढचं मात्र मला कळत नाही.

जूनमध्ये खानोलकर बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून नवीन पुस्तकांचा खोका उघडायला मी गेले. शनिवार, दुपारचे साडेचार, लख्ख ऊन. खोक्याची टेप मी स्वतः कापली. आत सात पुस्तकं, प्रत्येकावर कंपनीचं घट्ट प्लॅस्टिक. तेही मीच नखाने फाडलं. त्यात एका नव्या मुलीची कादंबरी होती, समुद्राच्या तळाशी वसलेल्या एका गावाची. तिचं पहिलंच पुस्तक. पहिली आवृत्ती याच वर्षीची, म्हणजे दादा गेल्यानंतर दोन वर्षांनी छापलेली. मी शिक्का मारला आणि सवयीने सदतिसावं पान उघडलं.

त्रिकोण होता. डावा कोपरा उघडा. आत टिंब.

मी एकोणचाळिसाव्या पानावरून बोट फिरवलं. वळ लागत होता.

बाईंना दाखवलं. आधी त्यांनी सवयीने ड्रॉवरमधून खोडरबर काढला. मग चष्मा वर करून बराच वेळ बघत बसल्या. मी त्यांना विचारलं, माझी कीव येऊन हे तुम्ही तर केलं नाहीत ना. त्या दुखावल्या. म्हणाल्या, जन्मभर मी पुसतच आलेय, मी कशाला करू, आणि या हाताने करू कशी. त्यांनी खोडरबर परत ठेवून दिला आणि ड्रॉवर लावून घेतला.

मी बाकीची सहा पुस्तकं तपासली, कोरी. त्याच कादंबरीची दुसरी प्रत दादरच्या दुकानात जाऊन बघितली, तीही कोरी. प्रकाशकाला फोन केला, तर तिथल्या माणसाला वाटलं मी छपाईच्या चुकीची तक्रार करतेय. प्रेसमध्ये कुणीतरी गंमत केली असेल, असं माझा नवरा म्हणतो. असेलही. पण सदतिसाव्याच पानावर, तोच कोपरा उघडा सोडून, आणि नेमकी आमच्याच वाचनालयात येणारी प्रत? यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी चेष्टा करणार नाही.

त्या दिवशी वाचनालयाच्या जिन्यातूनच मी वहिनीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, "आत टिंब आसा?"

मी म्हटलं, आहे.

"मगे वाच," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दोन दिवसांत वाचलं. पुस्तक सुंदर आहे, फक्त शेवट मला पटला नाही. दादाला तो नक्की आवडला असता आणि त्यावरून आम्ही तासभर तरी भांडलो असतो. संपल्यावर मी ते मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. भांडायला मात्र कुणी आलं नाही.