फुकटचं सॉफ्टवेअर आणि माझ्या संध्याकाळी

कॉलेजच्या ग्रंथालयाला सॉफ्टवेअर हवं होतं आणि प्राचार्य म्हणाले, पैसा नाही. मीच शहाणी पुढे झाले. म्हटलं, "सर, एक मोफत मिळतं. कोणीही उतरवून घ्यावं, हवं तसं बदलून वापरावं." सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ते चालवणार कोण, हे एकानेही विचारलं नाही. मला तरी कुठे सुचलं!

चालवणारी अर्थात मीच, ग्रंथपाल. फुकटच्या सॉफ्टवेअरला कंपनीचा माणूस येत नाही. बिघडलं की इंटरनेटवर प्रश्न टाकायचा आणि उत्तराची वाट पाहत बसायचं. दिवसभर पोरांची देवघेव, म्हणून हे सगळं पाचनंतर. मराठी पुस्तकांची नावं क्रमाने लागायची नाहीत, लाईट गेली की सर्व्हर रुसून बसायचा. पण खोटं कशाला बोलू? मला मजा यायची. कुठल्या कुठल्या देशातली माणसं मला उत्तरं द्यायची, पुढे मीही त्यांना देऊ लागले. वडनेरच्या पोरीला एरवी कोण विचारतं हो?

घरी हे एकटेच. कचेरीतून माझ्याआधी निवृत्त झालेले. पहिल्या आठवड्यात मी भीतभीतच फोन केला, उशीर होतोय म्हणून. तर म्हणाले, "तू आरामात येजो. मी बी आठपर्यंत मंदिरात दोस्ताइसंग असतो." मला हायसं वाटलं. मग रोजचेच आठ वाजू लागले. एकदा मात्र म्हणाले, "मले बी शिकव न व ते. बसत जाईन तुह्या बाजूले."

मी हसले. "तुमी काय करान तिथं येऊन? बसा आपले मंदिरात."

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. अशी किती वर्षं गेली, आणि एका दुपारी हे गेले. अचानक.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. नव्या ग्रंथपालाने विकतचं सॉफ्टवेअर मागितलं आणि कॉलेजने मुकाट्याने घेतलंही. अस्सा संताप आला! पण सांगणार कोणाला?

आता पाच वाजता मी घरीच असते. घर खायला उठतं. एकदा वाटलं, यांच्या दोस्तांना भेटावं, यांच्याबद्दल दोन शब्द तरी कानावर पडतील. म्हणून संध्याकाळी मंदिरात गेले. ओट्यावर तिघे म्हातारे बसले होते. मी कोण ते सांगितलं, म्हटलं, "हे रोज तुमच्यासंग बसत न."

ते एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यातले एक म्हणाले, "नाई वहिनी, तो येत नोता इथं. आम्ही लय बलावलं त्याले. म्हणे, बायको एखांद्या दिवशी लवकर आली त तिले घराले कुलूप दिसाले नाई पाहिजे."

मी एक दिवसही लवकर आले नव्हते.