बाभळीखालचा गहू

यांची मिल बंद झाली त्या साली आम्ही शहरातली, स्नेहलतागंजातली खोली सोडली आणि देपालपुरला सासूबाईंकडे राहायला गेलो. त्यांचं लहानसं शेत होतं आणि बांधावर एक बाभूळ. हे सकाळी चहा घेऊन बाभळीखाली खाट टाकायचे, ते थेट संध्याकाळपर्यंत. बोलणं नाही, चिडणं नाही. जेवायला हाक मारली की उठायचे, बस.

सोयाबीन निघालं. गव्हाच्या पेरणीआधी सासूबाई कुऱ्हाड घेऊन आल्या. तिकडे सगळेच तसं करायचे. बाभळीच्या फांद्या उतरवायच्या, पाला बकऱ्यांना, काटे कुंपणाला, आणि गव्हाला ऊन मोकळं.

मी खाटेपुढे आडवी आले. "आई, झाडाला हात नाही लावायचा! यांची सावली जाईल."

"अगं, सावलीत गहू पोचा राहतो, दाणा भरत नाही."

"राहू दे! माणूस मोठा की गहू?"

काय तो आवेश! आज माझी मलाच नक्कल करावीशी वाटते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाटेकडे. यांनी मानसुद्धा वळवली नव्हती.

"ठीक है," सासूबाईंनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "यंदा तेवढा तुकडा माझ्या लेकाचा."

मग थंडी पडली, आणि यांनी खाट ओढत ओढत बांधाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात नेली. थंडीत माणूस उन्हात बसतो, एवढी अक्कल माझ्यातल्या त्या झाशीवालीला नव्हती.

"क्यों भई, कुणासाठी राखलीस सावली?" सासूबाई म्हणाल्या.

झाडाखालचा गहू मात्र सगळ्यांत उंच, हिरवागार. मी ऐटीत दाखवायला नेलं. सासूबाईंनी एक ओंबी तळव्यावर चोळली, फुंकर मारली. तळव्यावर काही उरलं नाही.

कापणीत त्यांनी तो तुकडा सोडला. त्याचा होता ना. सगळं शेत मोकळं आणि तेवढा गहू उभा. एका सकाळी हे उठले, विळा घेतला आणि कापायला बसले. मी धावले, तर सासूबाईंनी पदर धरून ओढलं.

"चूप बस."

यांनी भारा बैलांपुढे टाकला, हात धुतले, परत खाटेवर. मिलबद्दल काही नाही, गव्हाबद्दल काही नाही.

पुढच्या पेरणीला मी कुऱ्हाड शोधत होते. जागेवर नव्हती, आणि खाटेवर हेही नव्हते. बाभळीकडून घाव घातल्याचा आवाज आला.

सासूबाई बकऱ्या सोडायला उठल्या.