साडेअठरा साखळ्यांचं मैदान

त्यानं माझा फॉर्म हात उंच करून सगळ्यांना दाखवला.

"इकसठ सेकंद लिखे हैं! इकसठ!"

हैदराबादचं मैदान. पंचांच्या टेबलापुढे मी धापा टाकत उभी. चारशे मीटरच्या पहिल्या फेरीत मी शेवटची आले होते, सहासष्ट सेकंदांत. मी रेघ ओलांडली तेव्हा माझ्या आधीची पोरगी बुटाच्या नाड्या सोडत बसली होती. फॉर्म धरणारा माणूस दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याचा कोच होता. निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. त्यानं फॉर्मवर बोट फिरवत फिरवत जातीच्या रकान्यापाशी आणलं आणि तिथं थांबवलं.

"अच्छा! इनकू दौड़ने में भी रिजर्वेशन मिला!"

सगळे हसले. पंच हसले. नाड्या सोडणारी हसली. आणि आमचे पीईटी सर, म्हणजे मला आदिलाबादहून घेऊन आलेले खेळाचे मास्तर, तेही हसले. तो फॉर्म त्यांनीच भरला होता. "घड्याळ मी धरलं होतं, पोरगी खोटी नाही," एवढं त्यांना म्हणता आलं असतं. म्हणाले नाहीत. मी पायात चपला घातल्या आणि मैदानाबाहेर नळापाशी जाऊन तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं.

मी तेव्हा इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. एकसष्ट सेकंद मी खरोखर पळाले होते. आमच्या स्टेडियमवर, जिल्ह्याच्या स्पर्धेत. तीन घड्याळं होती, तिन्हींत एकसष्ट. जिल्ह्याचा रेकॉर्ड म्हणून स्टेडियमच्या फळ्यावर माझं नाव लिहिलं गेलं. तोवर आमच्या घरातली नावं फक्त रेशनकार्डावर होती, तीही चुकीची. फळ्यावरचं बरोबर होतं. आई ते बघायला मुद्दाम आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेका अक्षरावर बोट ठेवून दाखवलं.

परतीच्या बसमध्ये डोक्यात एकच. पाच सेकंद गेले कुठं? ताप नव्हता, पाय मुरगळला नव्हता, पोट बिघडलं नव्हतं. मग मीच खोटी असेन. असंच वाटायला लागलं मला. कुणी चोर म्हटलं की आपली माणसं आधी आपलाच खिसा चाचपतात. मीही तेच करत बसले, वाटेतलं निर्मल गाव येईपर्यंत.

माझा बा सर्वे ऑफिसात चेनमन होता. चेनमन म्हणजे जमिनीच्या मोजणीची साखळी ओढणारा. वीस मीटरची लोखंडी साखळी. बानं ती ताणायची, टोकाला खिळा रोवायचा आणि मोठ्यानं आकडा पुकारायचा. सर्वेअर साहेबानं सावलीत बसून तो लिहायचा. पुकारलेला आकडा आणि लिहिलेला आकडा एकच आहे का, हे बानं जन्मात विचारलं नाही. आमचा आजा मुधोळकडे दुसऱ्याच्या वावरात राबून मेला. बाला सरकारी नोकरी लागली, यातच घरादाराला सगळं मिळालं होतं.

मी घरी आले. हैदराबादेत काय झालं ते सांगितलं. रिझर्वेशनचं सांगताना जीभ अडली, तरी सांगितलं. बा जेवत होता. त्यानं घास ताटात ठेवला.

"आपल्या इथल्या मैदानात वीस साखळ्या बसतच नाई, माय. साडेअठराच बसतेत."

चारशे मीटर म्हणजे वीस साखळ्या. साडेअठरा म्हणजे तीनशे सत्तर. मी तीस मीटर कमी पळाले होते आणि त्याला जिल्ह्याचा रेकॉर्ड म्हणत होते.

"तुले कसं ठाऊक?"

"मैदानाच्या टोकाले क्लबचा पाया आखला तवा साखळी म्याच ओढली ना. पंधरा मीटर आत घेतला पाया. मंग त्यायनं धावपट्टीची रेघ बी तेवढीच आत घेतली. जातानी पंधरा गेले, येतानी पंधरा गेले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"मले कोनं इचारलं?"

मी ताटावरून उठले. बाचा इतका राग मला कधी आला नव्हता. दोन वर्षं मी त्या मैदानावर रक्त आटवत होते आणि माझ्या बापाला ठाऊक होतं. त्यानं स्वतः साखळी धरून माझी धावपट्टी कापून दिली होती. चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मग हळूहळू कळलं की त्याच्यावर रागावणं सोपं होतं, म्हणून मी त्याच्यावर रागावले होते. क्लबवाल्यांवर रागवायची तोवर मला सवय नव्हती.

तो क्लब म्हणजे आधी मैदानाच्या उत्तर टोकाची पत्र्याची खोली. खेळाचं सामान ठेवायला. परवानगी तेवढ्याचीच होती. तिच्या जागी दोन मजले चढले. तळाला दोन दुकानं आणि बॅडमिंटनचा हॉल, वर पत्त्यांची खोली, पुढे ऐसपैस व्हरांडा. नकाशा मंजूर नव्हता हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत. पण ज्या साहेबांनी तो नामंजूर करायचा ते संध्याकाळी तिथंच पत्ते पिसत बसलेले. आम्हा पोरींना मात्र कपडे बदलायला आडोसा नव्हता. आम्ही घरून निघतानाच सलवारीच्या आत चड्डी घालायचो.

त्याच सुमाराला एका ठेकेदारानं कलेक्टर ऑफिसात अर्ज टाकला. क्लबखालचं दुकान त्याला हवं होतं, ते दुसऱ्याला दिलं, हे त्याचं दुखणं. मैदानाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण अर्जात कारण लिहावं लागतं, तर त्यानं लिहिलं की बेकायदा बांधकामानं धावपट्टी कापली गेली. क्लबला नोटीस गेली. क्लबनं उत्तर दिलं. त्या उत्तराची नक्कल पीईटी सरांनी मला कौतुकानं दाखवली.

त्यात माझं नाव होतं. धावपट्टी पूर्ण चारशे मीटरची आहे, आणि याच धावपट्टीवर कुमारी अमुक अमुक हिने जिल्ह्याचा रेकॉर्ड केलेला आहे.

मी ते तीनदा वाचलं. हैदराबादेत ज्या आकड्यानं माझी लाज काढली, तोच आकडा इथं त्यांचं बांधकाम वाचवत होता. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. माझे पाय, माझा घाम, आणि भिंत त्यांची. अंगाची नुसती आग आग झाली.

क्लबचा सेक्रेटरी कापसाचा मोठा व्यापारी होता. जिल्ह्याच्या ॲथलेटिक संघाचा सेक्रेटरीही तोच. रेकॉर्डच्या सर्टिफिकेटवर सही त्याची चालायची. ते सर्टिफिकेट लावलं तरच मला व्यायामशिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळणार होती, नाहीतर नाही. त्यानं मला बोलावून घेतलं. व्हरांड्यात तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस कुणी म्हणालं नाही.

"बेटी, पंचनामा होगा. खिलाड़ी की एक सही चाहिए. तेरा सर्टिफिकेट मैं उसी दिन दे दूँगा."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. मान खाली घालून पायऱ्या उतरले. त्या खाली घातलेल्या मानेची मला आजही चीड येते.

पंचनाम्याच्या दिवशी सर्वेअर आला, दोन पंच आले, ठेकेदार आला, सेक्रेटरी आणि पीईटी सर होतेच. साखळी घेऊन माझाच बा. सर्वेअर व्हरांड्यात सावलीला बसला. बा आणि त्याचा जोडीदार चुन्याच्या आतल्या रेघेवर साखळी टाकत निघाले. वळणावर वाकून वाकून, लहान लहान तुकडे करून. उन्हात बाचा सदरा पाठीला चिकटला होता. दर साखळीला त्याचा आवाज यायचा. सात. आठ. नऊ. मी व्हरांड्याच्या खाली उभी राहून मोजत होते. सतरा. अठरा. मग तो सुरुवातीच्या खिळ्यापाशी पोहोचला. साखळी अर्धी उरली होती.

"साडेअठरा!"

सर्वेअरनं वर पाहिलंसुद्धा नाही. लिहिणं झाल्यावर मला वर बोलावून कागद माझ्याकडे सरकवला.

"एम्मा, इक्कड संतकं पेट्टु."

इथं सही कर, म्हणाला. कागद तेलुगूत होता. मराठी शाळेतली पोरगी, काय वाचणार, असं त्यांनी धरलं होतं. पण तेलुगू मी शाळेपासून शिकत होते. अक्षर लावत लावत मी वाचलं. धावपट्टीची लांबी चारशे मीटर, बरोबर आढळली. शेजारीच टेबलावर माझं सर्टिफिकेट होतं. वर पेपरवेट. माझं नाव छापील अक्षरांत दिसत होतं.

मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू? सही केली तर कॉलेज, नोकरी, आईच्या हाताला आराम. नाही केली तर काहीच नाही, आणि बाचीही नोकरी त्यांच्याच हातात. पेन हातात घेऊन मी उभी राहिले. आणि हैदराबादचं ते हसणं आठवलं. सही केली असती तर ते लोक खरे ठरले असते. मग मी खोटीच, स्वतःच्या हातानं लिहून दिलेली.

"साडेअठरा पुकारलं. हितं वीस कसे लिवले?" मी विचारलं.

आजवर माझ्याशी हिंदीत बोलणाऱ्या सेक्रेटरीला चांगलं मराठी येत होतं. ते तेव्हा कळलं.

"साखळी ओढणाऱ्याची पोर आता सायबाले मोजनी शिकवून राह्यली काय?"

ठेकेदारासकट सगळे हसले. सर्वेअरनं चष्मा काढला. साडेअठरा कुणी म्हटलं, असं त्यानं तेलुगूत दरडावून विचारलं. मग खालून, उन्हातून आवाज आला.

"म्या पुकारलं, सायेब. आनखी एकदा पुकारू का?"

माझा बा. साखळी हातात तशीच. त्याला आज कुणीतरी विचारलं होतं.

मी पंचनाम्याच्या खाली मराठीत लिहिलं. मैदान तीनशे सत्तर मीटर आहे. माझा एकसष्ट सेकंदांचा रेकॉर्ड खरा नाही. आणि सही केली. पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट. सेक्रेटरीनं पेपरवेट उचललं, सर्टिफिकेटची नीट घडी घातली आणि खिशात टाकलं.

याच्यापुढे काही भलं झालं असेल अशी आशा कुणी ठेवू नये. फळ्यावरचं माझं नाव दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं. मंजूर नकाशा नसलेला क्लब जागचा हलला नाही. बाची बदली बाजारहत्नूरला झाली. ट्रंक भरताना म्हणाला, "तिकडंबी साखळी वीस मीटरचीच राह्यते, माय." मला हसू आलं आणि रडूही. ठेकेदाराला दोन महिन्यांत दुकान मिळालं. त्यानं अर्ज मागं घेतला. अर्जदारच नाही म्हणून फाईल बंद झाली. म्हणजे ते आपसांत भांडले, आपसांत मिटलं, आणि मधल्यामध्ये माझा रेकॉर्ड गेला, कॉलेज गेलं, बाचं घर उठलं.

तेव्हा मी स्वतःच्या नावानं अर्ज केला. बेकायदा बांधकाम पाडून धावपट्टी पूर्ववत करावी. अर्ज घेणारा कारकून हुज्जत घालायला लागला. म्हणाला, "तुमचं काय नुकसान झालं ते लिवा, बाई. नुकसानीबगर अर्ज घेता येत नाई." मी लिहिलं, पाच सेकंद. त्यानं कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि शिक्का मारला.

त्यानंतर पेशीवर पेशी, सुनावणीच्या तारखांवर तारखा. फाईल हरवली. सापडली. साहेब बदलला. नवीन साहेबाला पहिल्यापासून सांगा. जागा नगरपालिकेची की महसूलची, यातच कित्येक वर्षं गेली. मी दुसऱ्या वाटेनं शिकले, मास्तरीण झाले, इंद्रवेल्लीच्या बाजूला शाळेत लागले. लग्न झालं. लेकीला कडेवर घेऊन पेशीला गेले. शिपाई म्हणायचा, "बाई, अजून तेच चालू हाय का?" कधी कधी बसस्टँडवर बसून वाटायचं, फाडून टाकावी ती अर्जाची नक्कल. वैताग यायचा. स्वतःचाच वैताग. पोरी दरवर्षी त्याच रेघेवर पळायच्या, खोट्या वेळा घेऊन हैदराबादला जायच्या, आणि तिथून माना खाली घालून परत यायच्या. त्यांना कुणी सांगतच नव्हतं. मी सांगायला लागले. प्रत्येकीला, आईबापांसमोर. काहींना पटलं. काहींच्या आयांनी मला शिव्या दिल्या, आमच्या पोरीचं सर्टिफिकेट घालवता म्हणून.

आता आमच्या आंध्र सरकारनं योजना काढली आहे. दंड भरा आणि बेकायदा बांधकाम नियमित करून घ्या. क्लबनं अर्ज भरला. हरकत एकट्या माझी. म्हणून क्लबचा हल्लीचा सेक्रेटरी, त्या कापूसवाल्याचा मुलगा, माझ्या शाळेत आला. मॅडम मॅडम करत. माझ्याच वर्गात मलाच खुर्ची ओढून दिली.

"मॅडम, जुनं जाऊ द्या ना. तुमाले क्लबचं आजीव सभासद करून घेतो. व्हरांड्यात येऊन बसत जा."

त्याला वाटतं मला तिथं बसायचं होतं.

मी त्याला फळ्यासमोर उभा केला आणि पोरांदेखत सांगितलं, गुरुवारी पेशी आहे, तिथं या. हरकत मागं घेणार नाही. दंड सरकारनं ठेवून घ्यावा, सभासदत्व तुम्ही ठेवून घ्या. मला पंधरा मीटर हवेत. भिंत पंधरा मीटर मागं गेली पाहिजे. चौदा म्हणाल तर त्या कागदावरही मी सही करणार नाही.