दोनशे बारा मिलिमीटर

खाप्याच्या शाळेमागे पर्जन्यमापक आहे. त्यातलं पाणी मोजायला तीस वर्षांपासून रोज सकाळी साडेआठला पुष्पलता सोनकुसरे जाते. अंगात ताप असो की घरात लग्न, तिचा खाडा नाही. पूर्वी झड लागायची, चार-चार दिवस रिपरिप चालायची. आता पंधरा दिवस आभाळ कोरडं, आणि मग चार तासांत सगळं कोसळतं.

यंदा जुलैत तसंच झालं. पहाटेचा पाऊस आठला थांबला. पुष्पलतानं वीस मिलिमीटरचं काचेचं माप दहा वेळा भरून ओतलं. अकराव्यांदा पाणी बारावर थांबलं. दोनशे बारा. तिनं लगेच नागपूरच्या कार्यालयाला फोनवर आकडा कळवला. शेजारच्या बाबनरावांच्या हातमागाच्या खड्ड्यात तेव्हा कमरेएवढं पाणी होतं, आणि मागावरची अर्धी विणलेली साडी चिखलात लोळत होती.

पुढच्या आठवड्यात अतिवृष्टीची यादी लागली. खापा त्यात नव्हतं. कागदावर पाऊस होता एकवीस पूर्णांक दोन, म्हणून पंचनामाही नाही.

बाबनराव दारात येऊन म्हणाले, "तूच कमी सांगितलं का वं?"

ते तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी वह्यांची पिशवी घेऊन तिनं नागपूरची बस धरली.

साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, "बाई, तुमच्याकडे एका दिवसात दोनशे पडतच नाही. दशांशाचं टिंब द्यायचं राहिलं असेल म्हणून आम्ही ते दिलं. तीस वर्षांचे आकडे आहेत आमच्याकडे."

"ते आकडे कोनं देल्ले तुमाले?" तिनं वह्या त्यांच्या पुढ्यात आदळल्या. "मीच मोजून राहिली ना तीस वर्षं? तवाचं खरं, मंग आताचं खोटं काहून? पाऊस पयलेसारखा नाई राहिला, साहेब. खाप्याले येऊन पाहा एकदा."

कुणी आलं नाही. आकडा दुरुस्त झाला, पण सप्टेंबरात. पंचनाम्याची मुदत केव्हाच संपली होती. बाबनरावांनी माग मोडला आणि ते कामठीला पॉवरलूमवर कामाला गेले.

"तुही चूक नव्हती वं," निघताना ते म्हणाले.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. तिचा राग उतरला नव्हता.

आता ती आकडा सांगते, पलीकडच्या बाबूकडून दोनदा म्हणवून घेते आणि त्याचं नाव विचारते. बाबू वैतागतो. ती त्यानं नाव सांगेपर्यंत फोन कानाला धरून उभी राहते.