सात नंबरची टकटक

बंदरावरच्या वायरलेसच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक काळा सेट आणि भिंतीवर समुद्राचा नकाशा, एवढंच सामान. त्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंना सगळं बंदर वहिनी म्हणतं. याला कारण त्यांचा धाकटा दीर. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सेटवर त्यांचा आवाज ऐकून तो भर समुद्रातून ओरडला होता, "अगं बाई, वहिनी तुम्ही? म्हणजे आता समुद्रातसुद्धा सुटका नाही!" हे बंदराच्या बाराही मच्छीमार नावांवर ऐकू गेलं आणि त्या दिवसापासून त्या जगाच्या वहिनी झाल्या.

त्याआधी त्या मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात होत्या. दर तासाला यंत्राचं तापमान पाटीवर लिहायचं, हे काम. वायरलेसवाले काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी यायला कुणी तयार होईना. दिवसभर एका जागी बसून खरखर कोण ऐकणार? वहिनी म्हणाल्या, "बर्फापेक्षा बरं. निदान कुणी बोलेल तरी."

तेवढं मात्र त्यांचं चुकलं. बोलत कुणीच नव्हतं.

सकाळी सहा आणि दुपारी तीन, अशी दोनदा हवामानाची बातमी वाचायची. वादळाची सूचना आली तर वेळ न बघता लगेच वाचायची. दर वेळी मग एकेका नावेला नंबरानं हाक मारून तिला ऐकू गेलं याची खात्री करून घ्यायची आणि वहीत खूण करायची. कागदावर सोपं काम. पण सेट सगळ्यांचा एक आणि चॅनेलही एकच. एकानं तोंड उघडलं की अकरा जण कान टवकारणार. ज्याचा आवाज खणखणीत तो जवळ, ज्याचा चिरका तो लांब, आणि लांब गेलाय म्हणजे त्याला मासा लागलाय. म्हणून सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

यावर तोडगा जुन्या काकांच्या काळापासून चालत आला होता. बोलायचं नाही, माइकचं बटण नुसतं दोनदा दाबायचं. किनाऱ्यावर टक् टक् ऐकू येतं. दोन टकटकी म्हणजे 'ऐकलं'. आवाज नाही, त्यामुळे कोण कुठं आहे ते कुणालाच कळत नाही.

वहिनींना हे कधी पटलं नव्हतं, पण त्यांनी बदललंही नव्हतं. त्यांचं लक्ष यंत्राकडे जास्त. एरियलच्या तारेच्या सांध्यात पाणी शिरलं की आवाज मार खातो, हे कळल्यापासून त्या स्वतः गच्चीवर चढून सांध्याला टेप गुंडाळायच्या. नवरा खाली शिडी धरून म्हणायचा, "माहेरी काय सांगू, वायरलेस ऐकता ऐकता गेली?" नावांवरचे बिघडलेले माइकही त्याच दुरुस्त करायच्या. गेल्याच महिन्यात दिराच्या सात नंबरच्या नावेला त्यांनी नवा माइक बसवला होता.

त्या दिवशी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी हवामान खात्याचा फोन आला. समुद्रातलं वादळ वळलं होतं. संध्याकाळी सातच्या सुमारास जोराचा वारा किनाऱ्यावर येणार होता. बाराही नावा बाहेर होत्या.

वहिनींनी सूचना वाचली. मग हाका सुरू केल्या. एक नंबर. टक् टक्. दोन नंबर. टक् टक्. बारापर्यंत सगळ्यांची उत्तरं आली. त्यांनी बारा खुणा केल्या, तशीच यादी फळ्यावर लिहून दाराबाहेर टांगली. बंदरावरच्या बायकांना आत येऊन विचारत बसावं लागू नये म्हणून.

वीस मिनिटांनी पुन्हा वाचायचा नियम होता. पुन्हा हाका. पाच नंबर. टक् टक् खर्र. या नावेचं बटण अधूनमधून अडकायचं, ते सुटताना शेपटासारखी खरखर मागं राहायची. हे वहिनींना माहीत होतं. सहा नंबर. टक् टक्. सात नंबर. टक् टक् खर्र.

वहिनींचा हात वहीवर थांबला. सातला तर त्यांनीच नवा माइक बसवला होता. त्याला शेपूट कुठून फुटलं?

"पाच नंबर," त्या म्हणाल्या, "तोंडानं बोल."

पाच नंबरचा तांडेल, म्हणजे नावेवरचा मुख्य, दिराचा बालमित्र. अंगानं इतका बारीक की सगळे त्याला काडी म्हणायचे.

"काडी, सातची टकटक तू केलीस?"

"वहिनी, सगळे ऐकतायत."

"ऐकू देत."

"मी त्याला शब्द दिलाय हो."

"ज्याला वाऱ्याची खबरच नाही, त्याला दिलेला शब्द घेऊन काय करणार आहेस? कुठाय तो?"

काडीनं मग अडखळत सांगितलं. सात नंबर रेंजच्या बाहेर गेला होता. तिथं बंदराचा आवाज पोचतच नाही. पण हाकेला उत्तर दिलं नाही तर सगळ्यांना कळणार की हा लांब गेलाय, आणि दुसऱ्या दिवशी बाराही नावा त्याच्या मागं. म्हणून दोस्ताची हजेरी काडी लावायचा.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन... तीन महिने."

"आणि तीन महिने तो माझ्या वहीत हजर!"

तेवढ्यात दारात जाऊबाई उभ्या राहिल्या, दिराची बायको. शेजारच्या शेडमध्ये त्या जाळी विणायच्या. हातात अजून सुतळी होती. "ताई, फळा बघितला मी. आमच्यांना कळलंय ना? निघाले असतील?"

वहिनींना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी पुसणं उचललं, बाहेर जाऊन फळ्यावरची सातची खूण पुसली आणि परत आल्या. "नाही कळलं. मी चुकीची खूण केली. बस इथं."

जाऊबाई बसल्या. सुतळी बोटाला गुंडाळत राहिल्या.

वहिनींनी माइक उचलला. "काडी, नुसतं लांब म्हणून चालणार नाही. नेमकी जागा सांग."

तेवढ्यात सेटवर कुणीतरी खोकलं. नऊ नंबरचा म्हातारा. दिराचं आणि त्याचं जाळ्यावरून भांडण झाल्याला चार वर्षं होऊन गेली होती. "तो काय सांगतोय? मी सांगतो. दोन उभे खडक आहेत ना, त्यांच्या खालच्या अंगाला."

"तुम्हाला कसं माहीत?" काडी ओरडला.

"अरे, ती जागा माझ्या बापाची! तो मला बघून लपतो, मी त्याला बघून लपतो."

"काका," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आत्ता कुठं आहात?"

म्हातारा जरा वेळ खोकत राहिला. "त्याच्यापासून पाऊण तासावर. हाका मारून बघितल्या आत्ताच. सेट बंद आहे गाढवाचा. बॅटरी वाचवतोय."

वहिनींनी नकाशाकडे बघितलं. पाऊण तास पुढं, मग तिथून बंदर चार तास. आता दोन वाजत आले होते. जेमतेम सातला पोचणार. नऊ नंबरवर पाच माणसं होती.

"काका, मी तुम्हाला जा म्हणू शकत नाही."

"मग नको म्हणूस. बाकीच्यांना घरी पाठव." आणि इंजिनाचा आवाज वाढलेला सगळ्यांनी ऐकला.

पाऊण तास सेटवर फक्त खरखर होती. बाकीच्या नावा वळल्या होत्या. वहिनी दर पाच मिनिटांनी नऊला हाक मारत होत्या, उत्तर येत नव्हतं. जाऊबाईंनी एकदाच विचारलं, "दोघंही रेंजच्या बाहेर असतील, नाही?" वहिनी म्हणाल्या, "हो."

तीनला दहा कमी असताना फाटका आवाज आला. "...सापडला. जाळं अर्धं ओढलंय. भरलंय म्हणतो, सोडवत नाही."

"कापायला सांगा!"

"सांगितलं. आधी मला शिव्या दिल्या, मागावर आलास म्हणून. मग मागं वळून आभाळ बघितलं. मग कापलं. निघालोय दोघं, खडक मागं पडले तेव्हा कुठं रेंज लागली."

जाऊबाईंनी बोटावरची सुतळी सोडली. बोट पांढरंफटक पडलं होतं.

सहापर्यंत दहा नावा धक्क्याला लागल्या. सात आणि नऊ आल्या तेव्हा पावणेसात झाले होते आणि वारा पत्रे वाजवत होता. धक्क्यावरच्या लोकांनी दोर झेलले, दोन्ही नावांवरची अकराच्या अकरा माणसं मोजून वर घेतली. दीर भिजलेला तसाच वायरलेसच्या खोलीत आला.

"वहिनी, जाळं गेलं. आणि माझी जागा तुम्ही जगजाहीर केलीत."

"भाऊजी, तुम्ही माझ्या वहीत तीन महिने खोटी हजेरी लावलीत. आज ती खरी धरून मी तीनला कुलूप लावून घरी गेले असते. मग जागेचं काय करणार होता?"

जाऊबाईंनी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि दंडाला धरून त्याला घरी नेलं.

वारा दोन दिवस राहिला. चौथ्या दिवशी नावा पुन्हा बाहेर पडल्या. सकाळची बातमी वाचून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "आजपासून टकटक बंद. ज्यानं त्यानं स्वतःच्या आवाजात बोलायचं. आवाज आला नाही तर बाहेर फळ्यावर तसंच लिहीन आणि शोधायला नाव पाठवीन. लांब जायचं असेल तर जा, पण आधी सांगून जा. एक नंबर."

मग घसा साफ केल्याचा आवाज आला. "एक नंबर. ऐकलं." दोन नंबर. तीन. काडी इतका हळू बोलला की त्याला पुन्हा बोलायला लावलं.

"सात नंबर."

"सात. ऐकलं. कुठं निघालोय ते आता अख्ख्या गावाला माहीत आहेच."

"आठ नंबर."

"आठ. ऐकलं."

"नऊ नंबर."

आधी खोकला आला. "नऊ. ऐकलं. त्याच्या शेजारीच आहे मी. जाळं नीट टाक म्हणावं."

वहिनींनी खूण केली आणि दहा नंबरला हाक मारली.